उष्णता आणि दाबाने ॲक्रिलिकच्या शीट जोडणे : प्रवाह-चिपच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२४

महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी पारदर्शक ॲक्रिलिकची एक छोटी चिप हवी आहे. ३ मिमी जाडीच्या तळाच्या शीटमध्ये १ मिमी रुंद आणि अर्धा मिमी खोल अशी इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची खाच कोरायची, तिच्यावर २ मिमी जाडीचे झाकण बसवायचे आणि दोन फाट्यांतून दोन रंगांचे पाणी सोडून ते एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी कसे वाहते ते दाखवायचे, असा बेत आहे. १८८३ साली ऑसबॉर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून जे दाखवले, तेच येथे मुलांच्या हातात मावेल एवढ्या तुकड्यात दिसावे. मिनिटाला १ मिलिलिटर प्रवाह ठेवला, तर या खाचेतला रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ राहील की खळबळेल हे सांगणारा अंक; तो जितका लहान तितका प्रवाह संथ) २०-२२ च्या आसपास येतो, त्यामुळे प्रवाह खळबळणार नाही याची खात्री आहे. खरा प्रश्न झाकण बसवण्याचा आहे.

दुकानांचे बोर्ड बनवणारे कारागीर ॲक्रिलिक क्लोरोफॉर्मने जोडतात. पेटीसारख्या कामाला ती रीत उत्तम आहे, पण अर्धा मिमी खोलीच्या खाचेत तो द्रव आपोआप ओढला जातो, खाचेच्या कडा विरघळवतो आणि वाट बुजवतो. शिवाय त्याची वाफ आरोग्याला घातक आहे आणि बंद खोलीत ते काम करणे मला मान्य नाही. म्हणून कोणताही द्रव न वापरता, फक्त उष्णता आणि दाब यांवर दोन शीट एकजीव करण्याचे ठरवले आहे. हेच काम करू पाहणाऱ्या इतरांचा वेळ वाचावा, यासाठी या नोंदी ठेवत आहे. चिपचे माप ८० × ४० मिमी ठरवले आहे.

१३ जून

ॲक्रिलिकच्या शीट दोन प्रकारच्या मिळतात, साच्यात ओतलेल्या (कास्ट) आणि यंत्रातून दाबून काढलेल्या (एक्स्ट्रुडेड). दुकानात दोन्ही एकाच रॅकमध्ये असतात आणि विचारल्यावर मिळणारे उत्तर नेहमी भरवशाचे नसते. ओळखण्यासाठी दोन्हींतून १०० मिमीचा चौकोन कापला, त्यावर रेघा आखल्या आणि १६० अंश सेल्सिअसला मोकळाच तापवला. कास्ट शीट दोन्ही दिशांना सारखीच, सुमारे २ टक्के आकसली. दुसरी शीट एकाच दिशेने स्पष्ट आखूड झाली. दाबाखाली तापवताना असे एका बाजूला आकसणारे द्रव्य झाकण सरकवते, म्हणून कास्टच घेतली. कोरताना तिचा आणखी एक फायदा आहे. १ मिमीच्या एंड मिलला (खाच कोरणाऱ्या फिरत्या पात्याला) ती चिकटत नाही, भुगा मोकळा पडतो, तर एक्स्ट्रुडेड शीट वितळून पात्यालाच गुंडाळली जाते.

कास्ट शीटचा एक दोष मात्र ध्यानात ठेवावा लागतो, तो म्हणजे तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. ३ मिमी म्हणून घेतलेल्या तुकड्याचे एक टोक व्हर्नियरवर २.८१ आणि दुसरे ३.०६ भरले. एवढ्या फरकाने दाब एका कडेला एकवटतो. त्यामुळे मोठ्या तुकड्यातून सगळीकडे मोजून, ज्यात फरक ०.०५ मिमीच्या आत आहे तेवढाच भाग चिपसाठी कापला. बरीच शीट वाया गेली, पण ते तुकडे चाचणीला उपयोगी पडतील.

१९ जून

घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये पहिला जोड करून पाहिला. खाली-वर लोखंडी पट्ट्या, दोन सी-क्लॅम्प, ओव्हनचा काटा ११० वर आणि एक तास. ॲक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते, त्यामुळे ११० पुरेसे वाटले होते. थंड झाल्यावर दोन्ही शीट नखाने सुट्या झाल्या. क्लॅम्पच्या खाली मात्र दोन गोल डाग उमटले, तेवढ्याच जागी जोड धरला होता आणि तिथे शीट दबून पातळ झाली होती.

२२ जून

त्या एका तासात ॲक्रिलिक नेमके किती तापले होते, ते मोजले. दोन टाकाऊ तुकड्यांच्या मध्ये २ मिमीचे छिद्र पाडून त्यात के-प्रकाराचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घातले आणि त्याची तार दाराच्या फटीतून बाहेर मल्टिमीटरला जोडली. ओव्हनमधली हवा काही मिनिटांत ११० च्या पुढे जाते आणि नंतर ९५ ते १२८ यांच्या दरम्यान सतत वर-खाली होत राहते. लोखंडाच्या पोटातले ॲक्रिलिक मात्र एका तासानंतर जेमतेम ८४ अंशांवर होते. ॲक्रिलिक उष्णता फार सावकाश आत घेते आणि त्याच्याभोवतीचे लोखंड तापायलाच वेळ खाते. या कामात ओव्हनच्या काट्याकडे पाहण्यात अर्थ नाही. जोडाच्या पातळीवरचे तापमान तेवढे खरे.

३० जून

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तापमान नियंत्रक, सॉलिड स्टेट रिले (नियंत्रकाच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि थर्मोकपल असा संच १,४५० रुपयांत आणला. ओव्हनचा मूळ थर्मोस्टॅट मार्गातून काढून टाकला. दोन थर्मोकपल लावले आहेत, एक हवेत नियंत्रकासाठी आणि दुसरे ॲक्रिलिकशेजारी, फक्त वाचण्यासाठी. हवा आता २ अंशांच्या आत स्थिर राहते. हा ओव्हन यापुढे खाण्याच्या पदार्थांसाठी वापरायचा नाही, असे त्याच्या दारावर लिहून ठेवले आहे.

४ जुलै

सी-क्लॅम्पऐवजी १२ मिमी जाडीच्या, १२० × ८० मिमीच्या दोन लोखंडी प्लेट घेतल्या, त्यांच्या आतल्या बाजू ग्राइंडिंग करून सपाट करून घेतल्या आणि चार कोपऱ्यांना एम-८ चे (८ मिमी व्यासाचे) बोल्ट दिले. भंगारातील प्लेट आणि ग्राइंडिंगची मजुरी मिळून ९०० रुपये झाले.

ॲक्रिलिक लोखंडाला चिकटू नये म्हणून मध्ये टेफ्लॉनचे कापड घातले होते. जोड थोडाफार धरला, पण कापडाची वीण दोन्ही बाजूंवर जशीच्या तशी उमटली आणि चिप दुधी दिसू लागली. पृष्ठभाग ज्याला टेकतो त्याचे रूप घेतो, तेव्हा टेकायला काचच हवी. फोटोफ्रेमच्या दुकानातून ५ मिमीच्या साध्या काचेचे तुकडे कडा घासून आणले. पहिलाच तुकडा बोल्ट आवळताना तडकला, कारण काच आणि लोखंड यांच्यामध्ये लोखंडाचा एक बारीक कीस अडकला होता. आता काच आणि प्लेट यांच्यामध्ये १ मिमीची सिलिकॉन रबराची शीट घालतो. तिच्यामुळे बारीकसारीक उंचवटे सामावले जातात, आणि २०० अंशांपर्यंत तिला काही होत नाही.

९ जुलै

या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा बदल आजचा आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो.

बोल्ट थंड असताना कितीही मोजून आवळले, तरी निकाल दर खेपेला वेगळा येत होता. कधी खाच चेपत होती, तर कधी जोड अर्धवट राहत होता. कारण असे की ॲक्रिलिक तापताना लोखंडाच्या सुमारे सहापट प्रसरण पावते. बोल्ट तेवढे वाढत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला दाब आपोआप खूप चढतो. मग शीट मऊ पडते, काही शतांश मिमीने दबते आणि तेवढ्यानेच बोल्ट सैल होतात. म्हणजे ज्या वेळी दाबाची खरी गरज असते, नेमका त्याच वेळी तो नाहीसा होतो, आणि थंड होताना शीट आकसली की उरलासुरला दाबही जातो.

प्लेट ग्राइंड करून देणाऱ्या टूलरूममधल्या मिस्त्रींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस टूलमध्ये असतात तशा दणकट डाय स्प्रिंग बोल्टवर चढवायला सांगितले. त्यांच्याकडच्याच, प्रत्येक मिमीला ४० न्यूटन बळ देणाऱ्या चार स्प्रिंग ३२० रुपयांना घेतल्या. एम-८ बोल्टच्या आट्यांचे अंतर १.२५ मिमी असते. नट हाताने टेकेपर्यंत फिरवून, त्यानंतर पान्याने बरोबर आठ फेरे दिले की स्प्रिंग १० मिमी दबते आणि ४०० न्यूटन मिळतात. चार बोल्टचे १,६०० न्यूटन ३,२०० चौरस मिमीवर पसरले, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलोचा भार पडला. फेरे एकदम एका बोल्टला द्यायचे नाहीत. कर्णातल्या समोरासमोरच्या बोल्टना अर्धा-अर्धा फेरा देत पुढे जायचे, नाहीतर काच तिरपी होऊन कड दाबते.

आता शीट ०.१ मिमीने दबली तरी प्रत्येक बोल्टचा भार फक्त ४ न्यूटनने कमी होतो. टॉर्क पान्याची गरजच राहिली नाही, फेरे मोजले की दाब कळतो. स्प्रिंग लावल्यानंतरच्या पहिल्याच चिपमध्ये जोड कडेपासून कडेपर्यंत सलग आला.

१४ जुलै

जोड सलग आला, पण त्यात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे आहेत आणि खाचेजवळ ते दाट आहेत. चिपळूणचा जुलै म्हणजे भिंतींनाही घाम फुटतो असा काळ, आणि ॲक्रिलिक हवेतील ओल शोषून घेते. तळाचा एक तुकडा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ११.४३ भरला. ओव्हनमध्ये ८० अंशांवर जाळीवर मोकळा ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो ११.३७ झाला आणि तिसऱ्या दिवशी ११.३६. ७० मिलिग्रॅम ओल, तीही एवढ्याशा तुकड्यात! वाळवलेल्या शीटच्या जोडात एकही बुडबुडा आला नाही.

वाळवण्यासाठी २४ तास जातात आणि ते टाळता येत नाहीत. तापमान वाढवून घाई केली, तर शीट वाकते. मी आता एकाच खेपेला सगळे तुकडे वाळवून झाकणबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो. उघडे राहिलेले तुकडे पुन्हा वाळवावेत. कोकणाबाहेर, उन्हाळ्यात काम करणाऱ्यांना कदाचित हा त्रास जाणवणारही नाही, पण वजन करून पाहायला काहीच खर्च नाही.

वाळवण्याचा दुसराही उपयोग लक्षात आला. कापताना आणि कोरताना शीटमध्ये साठलेले ताण याच तापमानाला बरेच सैल पडतात. न वाळवलेल्या, लेझरने कापलेल्या तुकड्याची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तेव्हा मिनिटभरात तिच्यात जाळीदार बारीक तडे गेले. वाळवलेल्या तुकड्याला तसे काही झाले नाही. तरीही मी अल्कोहोल बंदच केले आहे. भांडी घासण्याचा सौम्य साबण, भरपूर पाणी आणि शेवटी डिस्टिल्ड पाणी एवढ्यावर भागते. मात्र ही धुलाई वाळवण्याच्या आधी करायची.

२१ जुलै

रात्री पावसात वीज गेली. त्या वेळी जोड ११२ अंशांवर पोहोचून जेमतेम दहा मिनिटे झाली होती. सकाळी चिप काढली, तेव्हा मधला भाग जुळलेला होता आणि दोन कोपऱ्यांत रंगीत कडी दिसत होती. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे हे रंग जिथे दिसतात, तिथे दोन शीटमध्ये हवेचा अतिशय पातळ थर उरलेला असतो. जोड झाला की रंग पूर्ण नाहीसे होतात. तपासणीसाठी याहून सोपी खूण नाही. चिप काळ्या कागदावर ठेवून ट्यूबलाइटखाली तिरपी धरावी.

ही चिप फेकून न देता, तशीच पुन्हा प्लेटमध्ये ठेवून पूर्ण वेळ तापवली. कोपरे जुळले, रंग गेले. चिकटवणाऱ्या द्रवाचे एकदा सुकले की संपते. इथे तसे नाही, दोन्ही बाजूंच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत शिरण्याचे काम थांबले तिथून पुढे सुरू होते. फक्त दुसऱ्या तापवणीत खाच आणखी थोडी उथळ होते, एवढी किंमत द्यावी लागते.

२७ जुलै

तापमान नक्की किती ठेवायचे, ते ठरवण्यासाठी दाब आणि वेळ तोच ठेवून चाचणीचे तुकडे वेगवेगळ्या तापमानांना जोडले. वेळ म्हणजे आतले थर्मोकपल इच्छित अंकावर पोहोचल्यानंतरची ४५ मिनिटे. तिथे पोहोचायलाच दोन तासांहून अधिक लागतात. नंतर प्रत्येक तुकडा खाचेला आडवा करवतीने कापला, कड बारीक पॉलिश पेपरने घासली आणि महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाखाली खाचेची खोली मोजली. मुळात ती ०.५० मिमी होती.

१०५ अंशांवर खाच ०.४९ राहिली, पण कडेत पाते घालून पिळल्यावर झाकण टणकन सुटले. ११२ अंशांवर ०.४६ राहिली आणि पाते घातल्यावर जोड न सुटता शीटच तुटली. ११८ ला ०.३८. १२५ ला झाकण खाचेत झोळासारखे उतरले आणि उरलेली पोकळी ०.२ मिमीही नव्हती. माझ्या शीटला, या दाबाला ११२ योग्य आहे. दुसऱ्या कंपनीची शीट घेतली तर हा अंक दोन-चार अंशांनी सरकेल, म्हणून नवीन शीटवर आधी तीन टाकाऊ तुकड्यांची चाचणी घ्यावी. खाच सुरुवातीलाच ०.५५ मिमी खोल कोरली, तर जोडल्यावर ती जवळपास हव्या त्या मापाला येते.

३ ऑगस्ट

धूळ. ११२ अंशांवर, वाळवलेल्या शीटवर, स्प्रिंगच्या दाबाखालीसुद्धा एक तंतू अडकला, तर त्याच्याभोवती ४-५ मिमी व्यासाचे न जुळलेले वर्तुळ राहते. ते खाचेला लागून आले, की चिप गळते. आता शीट एकमेकींवर ठेवण्याचे काम न्हाणीघरात करतो. तिथे आधी गरम पाण्याचा नळ थोडा वेळ सोडून हवेतली धूळ बसू देतो आणि फरशी कोरडी झाल्यावरच डबा उघडतो. संरक्षक प्लास्टिक शेवटच्या क्षणी काढण्याचा विचार चांगला होता, पण वाळवताना त्याचा गोंद शीटवर बसतो. त्यामुळे ते धुण्यापूर्वीच काढावे लागते.

कोरलेल्या खाचेच्या कडेला उभा राहिलेला कंगोराही धुळीइतकाच त्रास देतो. नख फिरवल्यावर तो जाणवतो, डोळ्यांना दिसत नाही. नव्या ब्लेडची पाठ जवळजवळ आडवी धरून एकाच दिशेने ओढली की तो निघतो. सँडपेपर लावू नये, त्याने जोडाची जागा धुरकट होते.

१० ऑगस्ट

चिप थंड करण्याची रीत आज पक्की झाली. ४५ मिनिटे झाली की ओव्हन ९० वर आणायचा, तासभर तिथे ठेवायचा, मग वीज बंद करून दार न उघडता रात्रभर सोडून द्यायचे. आतले थर्मोकपल ६० च्या खाली येईपर्यंत नटाला हात लावायचा नाही. ८० अंशांवर प्लेट सोडून पाहिली, तेव्हा चिप केळीच्या सालीसारखी वाकली नाही हे खरे, पण सपाट काचेवर ठेवल्यावर मधोमध ०.३ मिमीची फट राहिली आणि झाकणाच्या कडेला पुन्हा रंग दिसले.

गळतीची चाचणी अशी केली. एका फाट्याला सिलिकॉनची नळी जोडली, बाकीची तोंडे बंद केली आणि नळी जिन्यावरून ३ मीटर उंच नेऊन शाईच्या पाण्याने भरली. एवढ्या उंचीने चौरस सेंटिमीटरला ०.३ किलोचा दाब येतो. प्रात्यक्षिकात यापेक्षा फारच कमी लागतो. सकाळपर्यंत नळीवरच्या खुणेपासून पाणी हलले नव्हते आणि शाई कुठेही शीटच्या मध्ये झिरपली नव्हती.

त्यानंतर दोन पिचकाऱ्यांतून लाल आणि निळे पाणी सोडले. फाटे जिथे मिळतात तिथपासून खाचेच्या शेवटापर्यंत दोन्ही रंगांमधली रेघ सुईने ओढल्यासारखी सरळ राहिली. झाकणातून पाहताना मध्ये जोड आहे, हे कळत नाही.

१८ ऑगस्ट

झाकणातल्या ३ मिमीच्या छिद्रांविषयी थोडक्यात. लोखंडासाठीचे नेहमीचे ड्रिल ॲक्रिलिकमध्ये रुतते आणि बाहेर पडताना कपची उडवते. त्याच्या धारा दगडावर घासून बोथट केल्या आणि खाली टाकाऊ शीट घट्ट धरली, की छिद्र स्वच्छ येते. छिद्रे जोडण्यापूर्वी, धुण्याच्याही आधी पाडावीत.

खर्च असा झाला : जुना ओव्हन २,०००, नियंत्रकाचा संच १,४५०, प्लेट आणि ग्राइंडिंग ९००, स्प्रिंग ३२०, काच २००, सिलिकॉन शीट २५० आणि बोर्डवाल्याकडचे ॲक्रिलिकचे तुकडे ६००, मिळून ५,७२० रुपये. यातले ॲक्रिलिक सोडून बाकी सगळे पुढच्या चिपनाही चालेल.

एक गोष्ट अजून मार्गी लागायची आहे. बाहेर पडणारे पाणी साठवण्यासाठी खाचेच्या शेवटी ८ मिमी व्यासाची टाकी कोरली आहे आणि तिच्यावरचे झाकण ११२ अंशांवरही मधोमध थोडे खाली बसते. १ मिमी रुंदीला जे तापमान मानवते, ते ८ मिमीला मानवत नाही. नव्या आराखड्यात टाकीच्या मध्ये दीड मिमी व्यासाचा एक खांब न कोरता तसाच ठेवला आहे, म्हणजे झाकणाला टेकू मिळेल. तुकडे कोरून, धुऊन झाले आहेत आणि आज संध्याकाळी ८० अंशांवर वाळत ठेवले आहेत.